नोंद साधी ठेवा, म्हणजे ती मुलाबरोबर जाईल



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिना होता. मधल्या सुट्टीत मुलांची जेवणाची पंगत बसली होती आणि मला अनोळखी नंबरवरून फोन आला. "नमस्कार मॅडम, मी कारखान्याच्या तळाजवळच्या जिल्हा परिषद शाळेतून बोलतोय. तुमच्या शाळेची तिसरीची एक मुलगी आमच्याकडे आलीय. आई-वडील तोडीला आलेत. तिच्याजवळ शिक्षण हमी पत्रक आहे, ते मी बघितलं. पण मॅडम, तिला नक्की काय येतं? मी कुठून सुरुवात करू?"

मी काय उत्तर दिलं असेल? "मुलगी हुशार आहे सर. वाचन बरं आहे. गणितात थोडी कच्ची आहे." समोरचे सर भले माणूस. "बरं मॅडम, बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मात्र मला स्वतःचीच लाज वाटली. हेच उत्तर मी वर्गातल्या कुठल्याही मुलाबद्दल देऊ शकले असते. ही मुलगी पहिलीपासून माझ्या हाताखाली. अडीच वर्षं मी तिला रोज बघत होते. तिचं ते पत्रकही मीच भरलं होतं. आणि दुसऱ्या शिक्षकाच्या उपयोगी पडेल असं एक वाक्य मला सांगता आलं नाही.

घरी जाऊन मी शोधायला बसले. वर्णनात्मक नोंदींच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे लिहिलं होतं, 'वाचनात प्रगती आहे', 'गणिती क्रिया आवडीने करते'. या नोंदी मी कशा लिहिल्या होत्या ते मला चांगलंच आठवत होतं. मार्चअखेर, रात्री अकरा वाजता, समोर तयार नोंदींची यादी ठेवून. तुमच्यापैकी कितीजणांनी असं केलं नसेल, हात वर करा! रागावू नका, मीही त्यातलीच.

मग मला तिच्याबद्दल जे खरंच माहीत होतं ते गेलं कुठे? काही टाचणवहीच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं. काही व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेलं. काही एका मोबाइल ॲपमध्ये होतं. ते ॲप बंद पडलं आणि नोंदीही त्याच्याबरोबर गेल्या. आणि त्याआधीचं बरंच काही लॅपटॉपवरच्या जुन्या फॉन्टमधल्या फायलींत होतं. लॅपटॉप फॉरमॅट केल्यावर त्या फायली उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी.

असं का होतं हे मला तेव्हा कळलं. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेलं असतं इंग्रजी अक्षर, आणि फॉन्ट त्याच्या जागी मराठीचं चित्र दाखवतो. फॉन्ट गेला की चित्र गेलं. युनिकोडमध्ये तसं नाही. तिथे 'क'ला स्वतःचा क्रमांक आहे, मात्रेला स्वतःचा, वेलांटीला स्वतःचा. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. म्हणजे माझ्या पहिल्या नोकरीच्या कितीतरी आधीपासून ही सोय होती, आणि मी वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका चित्रांत टाइप करत राहिले.

साधा मजकूर म्हणजे काय?

आता मुद्द्यावर येते. माझं म्हणणं असं आहे की शिक्षकाने आपल्या नोंदी साध्या मजकुरात ठेवाव्यात. साधा मजकूर म्हणजे ज्यात फक्त अक्षरं असतात. ठळक नाही, रंग नाही, चौकटी नाहीत. नोटपॅडमध्ये लिहितो तसा. ही फाइल उघडायला कुठलं ठरावीक ॲप लागत नाही, लॉगिन लागत नाही, नेटही लागत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या मोबाइलवर उघडते आणि आणखी दहा वर्षांनीही उघडेल.

जागाही अगदी कमी लागते. युनिकोडची जी पद्धत आज सगळीकडे चालते, तिच्यात देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट घेतं. समजा माझ्या वर्गात ३० मुलं आहेत. प्रत्येकाच्या वर्षभरात ६० ओळी, आणि ओळीत ६० चिन्हं. हिशोब करा : ३० गुणिले ६० गुणिले ६०, म्हणजे १ लाख ८ हजार चिन्हं. गुणिले ३, म्हणजे सुमारे सव्वातीन लाख बाइट. मोबाइलवर काढलेला फळ्याचा एक फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. पूर्ण वर्गाचं पूर्ण वर्ष एका फोटोपेक्षा कमी जागेत!

पण नुसती नोटपॅडची फाइल लांबत गेली की तिच्यात काही सापडत नाही. इथे मला एका साधनाचा उपयोग झाला. माझा मामेभाऊ पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. दिवाळीत तो घरी आला होता तेव्हा त्याचा सगळा अभ्यास तो एका विचित्र दिसणाऱ्या पांढऱ्या पडद्यावर लिहीत होता. मी विचारलं, "हे काय रे?" तर म्हणाला, "ताई, याला ऑर्ग मोड म्हणतात. फुकट आहे. तुला चालेल बघ."

ऑर्ग मोड २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक यांनी लिहायला सुरुवात केली. ते ॲम्स्टरडॅम विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ. स्वतःच्या नोंदी आणि कामं नीट लावायला हाताशी असलेलं साधन त्यांना गैरसोयीचं वाटत होतं, म्हणून त्यांनी स्वतःपुरतं नवं केलं. इमॅक्स नावाचा एक जुना, मोफत मजकूर-संपादक आहे. त्याच्या आत हे चालतं, आणि २००७ पासून ते इमॅक्सबरोबरच मिळतं. मला यातली एक गोष्ट फार आवडली. हे साधन विकण्यासाठी केलेलं नाही. ज्याला शिकवायचं, शोधायचं, लिहायचं होतं, त्याने ते आपल्या गरजेतून केलं.

माझी फाइल कशी दिसते?

तांत्रिक भाषा बाजूला ठेवू. माझ्या वर्गाच्या फाइलचा एक तुकडाच दाखवते. मुलांची नावं मी लिहीत नाही, हजेरी क्रमांक लिहिते. ते का, हे पुढे सांगते.

* इयत्ता तिसरी
 क्रमांक ७
* मराठी
- ४ जुलै : 'सर्व' हा शब्द 'सवर' वाचला. रफार कळत नाही. पायमोडी 'र' (चक्र, प्रकाश) बरोबर वाचते.
- १९ जुलै : रफार असलेल्या १० शब्दांपैकी ४ बरोबर.
* गणित
- ११ जुलै : ३०५ वजा १२८ चं उत्तर २२३ लिहिलं. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते.
- १२ जुलै : काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवल्यावर बरोबर केलं. कागदावर पुन्हा चूक.
* बाकी : शून्य मधे असलेली वजाबाकी, गठ्ठ्यांसह, पुन्हा घेणे

बस, इतकंच. एक तारा म्हणजे मोठं शीर्षक, दोन तारे म्हणजे त्याच्या पोटातलं, तीन तारे म्हणजे त्याच्याही पोटातलं. आपण फळ्यावर घटक, उपघटक, मुद्दे असं लिहितो तसंच. यातली गंमत अशी की शीर्षकावर टॅबचं बटण दाबलं की खालचं सगळं मिटतं, परत दाबलं की उलगडतं. त्यामुळे उघडल्यावर मला फक्त क्रमांक दिसतात. ज्या मुलाचं बघायचं तेवढंच उघडायचं.

'बाकी' हा शब्द मी साधनाला शिकवला आहे. मूळ इंग्रजी शब्दांच्या जागी 'बाकी' आणि 'झाले' असे आपले शब्द फाइलच्या सुरुवातीला एका ओळीत लिहून देता येतात. मग सगळ्या मुलांची सगळी 'बाकी' कामं एका यादीत समोर येतात. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी ती यादी बघते आणि पुढच्या आठवड्याचं टाचण काढते. आधी टाचण पुस्तकावरून निघायचं, आता निम्मं तरी मुलांवरून निघतं.

आणखी एक सोय खुणेची. ज्या नोंदीत रफाराची अडचण आहे, तिच्या शीर्षकाला मी 'रफार' अशी खूण लावते. वजाबाकीची असेल तर 'हातचा'. मग 'रफार' शोधलं की वर्गातली तेवढीच मुलं समोर येतात. मागच्या ऑगस्टमध्ये अशी सहा मुलं निघाली. त्या सहाजणांना परिपाठानंतर दहा-पंधरा मिनिटं वेगळं घेतलं. तीन आठवड्यांत चारजणांचा रफार सुटला. उरलेल्या दोघांची अडचण रफाराची नव्हतीच, त्यांना साधं जोडाक्षरच फोडता येत नव्हतं. हे मला 'ब-१' श्रेणीने कधीच सांगितलं नसतं.

वरची वजाबाकी पुन्हा एकदा बघा. ३०५ मधून १२८ गेले तर उरतात १७७. मुलीने लिहिले २२३. तिने ३ मधून १ काढला, २ मधून ० काढलं, ८ मधून ५ काढले. म्हणजे तिच्याजवळ एक पक्का नियम आहे, 'मोठ्यातून लहान काढायचं'. तो नियम चुकीचा आहे, पण ती तो इमानदारीने पाळते. 'गणितात कच्ची' म्हटल्यावर हे सगळं झाकलं जातं. चूक जशी केली तशी लिहिली तर दुसऱ्या शिक्षकाला उपाय दिसतो. म्हणून माझा आग्रह आधी नोंदीतल्या वाक्याचा आहे, साधनाचा त्यानंतर.

मूल जातं, नोंद मागे राहते

आपल्याकडे दिवाळी झाली की किती गावं अर्धी रिकामी होतात हे बीड, अहिल्यानगर, धाराशिव भागातल्या शिक्षकांना सांगायला नको. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात. काही आई-वडिलांबरोबर तळावर जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. वीटभट्टीवर जाणारी मुलं वेगळी. बदली झालेल्या पालकांची मुलं वेगळी. आणि आपलीही बदली होतेच की! मी या शाळेतून गेले की माझ्या मुलांबद्दल मला जे माहीत आहे ते माझ्याबरोबर जाणार. नव्या बाई येतील त्या पुन्हा शून्यापासून सुरू करणार. त्यांचे पहिले तीन महिने मुलांना ओळखण्यात जाणार.

निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं. तिसरीच्या अखेरीला प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं असं त्याचं ध्येय आहे. ध्येय चांगलंच आहे. पण तिसरीचं मूल वर्षातले चार-पाच महिने दुसऱ्याच शाळेत असेल, तर दोन शिक्षकांमध्ये बोलणं झाल्याशिवाय ते ध्येय गाठायचं कसं?

फोन आला त्याच्या पुढच्या वर्षी ती मुलगी चौथीत होती. दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्या वडिलांनी सांगितलं, "बाई, औंदा बी जावं लागतंय." मी त्याच दिवशी तिची फाइल उघडली, तिच्या क्रमांकाखालचा मजकूर उचलला आणि त्यातल्या महत्त्वाच्या बारा ओळी गेल्या वर्षीच्या त्याच सरांना व्हॉट्सॲपवर पाठवल्या. फाइल जोडली नाही, पीडीएफ केली नाही. नुसता मजकूर. रफार आता येतो, मधे शून्य असलेली वजाबाकी अजून डळमळीत आहे, गोष्ट सांगायला फार आवडते, दुपारनंतर डोळे चोळते तेव्हा पुढच्या बाकावर बसवा.

सरांचा लगेच निरोप आला, "धन्यवाद मॅडम. उद्यापासून वजाबाकीच घेतो."

एप्रिलमध्ये मुलगी परत आली. तिच्याआधी सरांच्या पाच ओळी आल्या होत्या. त्यांनी शून्याची वजाबाकी नोटा देऊन घेतली होती, शंभराची नोट मोडून दहाच्या दहा नोटा. ते तिला जमलं होतं. पण मधे तीन आठवडे ती शाळेत आलीच नव्हती, धाकट्या भावाला सांभाळत होती. भागाकार राहिला होता. डोळ्यांचं त्यांनी पालकांना सांगितलं होतं, तपासणी झाली नव्हती.

त्या पाच ओळी मी तिच्याच क्रमांकाखाली चिकटवल्या. मग तिला भागाकारापासून घेतलं, आणि आरोग्य तपासणीच्या पथकाला तिचे डोळे आधी दाखवले. चष्मा लागला. हे मी लिहिलं नसतं तर कदाचित आणखी एक वर्ष गेलं असतं.

यात साधनाने काय केलं? फारसं काही नाही. पण मजकूर साधा होता म्हणून तो माझ्या लॅपटॉपवरून त्यांच्या मोबाइलवर गेला आणि तिथून परत आला, वाटेत काही सांडलं नाही. एखाद्या ॲपमध्ये असता तर ते ॲप त्यांच्याकडेही लागलं असतं. जुन्या फॉन्टमध्ये असता तर त्यांना खिचडी दिसली असती.

माझा स्वतःचा अभ्यास

आपण शिक्षकही शिकत असतो. कुणी मुक्त विद्यापीठातून पदवी करतं, कुणी कृतिसंशोधन करतं. डी.एड.ला असताना कृतिसंशोधनाचा विषय मी मैत्रिणीला विचारून ठरवला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. गेल्या वर्षी पुन्हा करायचं ठरवलं तेव्हा विषय शोधावा लागला नाही. 'हातचा' ही खूण शोधली तर दोन वर्षांत चौदा नोंदी निघाल्या. त्यांपैकी नऊ ठिकाणी चूक तीच होती, मोठ्यातून लहान काढण्याची. विषय फाइलीतूनच वर आला.

वाचन करतानाही मी हीच पद्धत ठेवते. पुस्तकाचं नाव शीर्षकात, खाली पान क्रमांक आणि मला समजलं ते माझ्या शब्दांत. लेखकाचं वाक्य जसंच्या तसं उचललं तर त्याला अवतरण चिन्ह लगेच लावते, नाहीतर सहा महिन्यांनी ते आपलंच वाटायला लागतं! आपलं मत असेल तर पुढे 'माझं' अशी खूण. अहवाल लिहायच्या वेळी निम्मं काम झालेलं असतं. ऑर्ग मोडमधून तोच मजकूर छापण्याजोग्या कागदपत्राच्या रूपात काढता येतो, तेव्हा चौकटी आणि ठळक अक्षरं शेवटी येतात. आधी लिहायचं, मग सजवायचं. मुलांनाही आपण निबंधाबद्दल हेच सांगतो ना?

अडचणी लपवणार नाही

पहिली अडचण, हे साधन सुरुवातीला अवघड आहे. मी पहिल्या पंधरा दिवसांत दोनदा सोडून दिलं. इमॅक्सचे बटणांचे संकेत वेगळेच आहेत. नेहमीच्या सवयीने कंट्रोल आणि व्ही दाबलं की चिकटवण्याऐवजी पान खाली सरकतं. भावाने एक पानभर यादी लिहून दिली, ती मी आजही कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवली आहे.

दुसरी, मराठीच्या दृष्टीने काही खटकणाऱ्या गोष्टी. तारखा आणि गुण फाइलमध्ये इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात, मराठी अंकांतली तारीख त्याला तारीख वाटत नाही आणि बेरीजही होत नाही. वरच्या तुकड्यात मी फक्त तुमच्या वाचनासाठी मराठी अंक घातले आहेत. तक्ते काढता येतात, पण जोडाक्षरांची रुंदी सारखी नसल्यामुळे मराठी तक्त्याच्या उभ्या रेघा वाकड्या दिसतात. बेरीज बरोबर येते, दिसायला मात्र पावसाळ्यातलं कुंपण!

तिसरी, हे केल्याने आपलं ऑनलाइन काम कमी होत नाही. पोर्टलवर भरायचं ते भरावंच लागतं, रजिस्टर ठेवायचं ते ठेवावंच लागतं. एवढंच होतं की वर्णनात्मक नोंदी लिहायच्या वेळी मला तयार यादी लागत नाही, खरं काय ते फाइलमध्ये असतं.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, मुलांची खासगी माहिती. म्हणून मी नावाऐवजी क्रमांक लिहिते, आणि कुठला क्रमांक कुणाचा हे फक्त शाळेच्या हजेरीत असतं. घरची भांडणं, आजार, पैशाची अडचण असं काही मी या फाइलमध्ये लिहीत नाही. आपल्या देशात २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि मुलांच्या माहितीबाबत त्यात पालकांच्या संमतीची अट आहे. कायदा नसता तरी ही आपली जबाबदारीच होती. त्या सरांना ओळी पाठवण्याआधी मी मुलीच्या वडिलांना विचारलं होतं, आणि काय पाठवतेय ते वाचूनही दाखवलं होतं. ते म्हणाले, "बाई, हे तर आम्हालाबी माहीत नव्हतं." त्यांचं हे वाक्य मला अजून टोचतं.

वहीवाले सर

आमची शाळा द्विशिक्षकी. आमचे मुख्याध्यापक सर सगळं वहीत लिहितात. मी उत्साहात त्यांना हे दाखवायला गेले तेव्हा त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, माझी वही चार्जिंगला लावावी लागत नाही."

मी हसले, पण नंतर विचार केला तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे. वही हासुद्धा साधा मजकूरच. कुणाच्या परवानगीशिवाय उघडते, वीज गेली तरी चालते. सरांच्या वहीतल्या नोंदी माझ्या फाइलीपेक्षा बारकाईने लिहिलेल्या आहेत, हे मी मान्य करते. फक्त वहीत 'रफार' शोधायला बसलं तर दुपार जाते, आणि वही तळावरच्या शाळेत पाठवता येत नाही. आता आम्ही असं ठरवलंय की सर वहीतच लिहितील, आणि जी मुलं स्थलांतर करणार त्यांच्यापुरतं मी सरांकडून ऐकून टाइप करीन. मागच्या ऑक्टोबरमध्ये सहा मुलांचं असं केलं. सरांनी सांगायचं, मी लिहायचं, दीड तास लागला.

म्हणून माझा आग्रह एका साधनाचा नाही. तुम्हाला इमॅक्स नको असेल तर मोबाइलवर याच प्रकारच्या फायली उघडणारं ऑर्गझली नावाचं मोफत ॲप आहे. तेही नको असेल तर नुसत्या नोटपॅडमध्ये तारे टाकून लिहा. कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्ट येत नसेल तर मोबाइलवर बोलून टाइप करा. फक्त तीन गोष्टी सांभाळा. मजकूर युनिकोडमध्ये असू द्या. फाइल तुमच्या ताब्यात असू द्या, आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. आणि नोंद अशी लिहा की तुम्हाला न ओळखणाऱ्या शिक्षकाला ती वाचून उद्याचा तास घेता येईल.

एक विनंती मात्र वरच्या लोकांना. कृपया हे कुणी सक्तीचं करू नका! याचा नमुना ठरला, रकाने पडले, दर शुक्रवारी किती नोंदी झाल्या याची माहिती मागवली, की पुन्हा आम्ही रात्री अकरा वाजता तयार यादी शोधायला लागू. माझी फाइल मी कुणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही, म्हणून तिच्यात खरं लिहिलं जातं. 'आज माझं शिकवणं फसलं' असंही तिच्यात आठ-दहा वेळा लिहिलंय. तपासणीच्या रजिस्टरमध्ये असं वाक्य कोण लिहील?

पालकांसाठी दोन शब्द

पालकहो, पुढच्या पालक सभेला आलात की "आमचा कितवा आला?" किंवा "किती टक्के?" असं विचारू नका. "त्याला काय येतं आणि नेमकं कुठे अडतं?" असं विचारा. आम्हाला उत्तर देता आलं नाही तर आम्ही थोडे ओशाळू, पण पुढच्या वेळी तयारी करून बसू. मला त्या फोनने तेच केलं. आणि तुम्ही गाव बदलणार असाल, तर दाखल्याबरोबर शिक्षकांकडून दहा ओळी मागून घ्या. कागदावर चालतील, मोबाइलवर चालतील. नव्या शाळेतल्या बाईंना त्या पहिल्याच दिवशी द्या.

शिक्षक मित्रांनो, तुम्हाला एकच करून बघायला सांगते. उद्या वर्गातलं एकच मूल निवडा. आठवडाभर रोज त्याच्याबद्दल एक ओळ लिहा. 'छान', 'हुशार', 'कच्चा', 'प्रगती आहे' हे चार शब्द वापरायचे नाहीत एवढीच अट. शनिवारी त्या सहा ओळी वाचा. मला पहिल्या आठवड्यात सहापैकी दोनच ओळी लिहिता आल्या होत्या. कारण बाकीचे दिवस मी त्या मुलाकडे बघितलंच नव्हतं.

ती मुलगी आता पाचवीत, शेजारच्या गावच्या शाळेत जाते. जूनमध्ये तिच्या नव्या बाईंना मी चौदा ओळी पाठवल्या. त्यांतल्या पाच कारखान्यावरच्या सरांच्या आहेत. त्या सरांना मी अजून प्रत्यक्ष भेटलेले नाही.

तुम्ही नोंदी कशा ठेवता ते नक्की कळवा. वहीवाल्यांनी तर आवर्जून कळवा, आमच्या सरांना वाचून दाखवीन!